मिठाचा हात

आमच्या घरात स्वयंपाक कुणीही करावा, मीठ मात्र एकीनेच घालायचं, अशी रीत होती. ती मला कुणी सांगितली नव्हती. मुरबाडकडच्या माहेराहून मी सापगावजवळच्या या घरात लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी वांग्याची भाजी फोडणीला टाकून सवयीने मिठाच्या मडक्याकडे हात नेला. थोरल्या जावेने माझं मनगट धरलं. रागाने नाही, विस्तवाकडे निघालेल्या पोराचं धरतात तसं. "आई घालतील," ती म्हणाली. थोड्या वेळाने सासूबाई गोठ्यातून आल्या, हात धुतले, भाजीकडे एकदा बघितलं, चिमटीतून मीठ सोडलं आणि पुन्हा गोठ्यात गेल्या. भाजी बरोबर झाली होती.

यात धर्मबिर्म काही नव्हतं. कापणी-झोडणीच्या दिवसांत या घरात मजुरांसकट मोठा स्वयंपाक व्हायचा. चुलीपाशी तीन-चार बायका, प्रत्येक जण जाता-येता भांड्यात डोकावणार आणि आपली चिमूट टाकणार. कधीतरी सगळ्यांनी मिळून आमटीचा समुद्र केला असेल आणि कुणा शहाण्या बाईने हा तोडगा काढला असेल. पुढे तोडग्याचा मान झाला. मीठ घालणारी ती घरची थोरली, असं सगळेच धरून चालायला लागले.

माझे थोरले दीर मी आल्यावर काही वर्षांतच वारले. जाऊ तेव्हा तिशीच्या आत-बाहेर असेल, पदरात एक मुलगी. तिने शेत बघितलं, म्हैस बघितली, चूल बघितली. मी शिकलेली म्हणून शाळेत नोकरीला लागले. म्हणजे घर तिने चालवलं आणि कौतुक माझं झालं. ती याबद्दल कधी बोलली नाही. बोलायचा तिचा स्वभावच नव्हता. मी मात्र बोलते, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

मागच्या वर्षी गणपती होऊन गेले, भात निसवायला लागलं, लोंब्या डोकावायला लागल्या आणि सासूबाईंची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं, पडवीत खाट टाकली. जावेने पेज भरवायला घेतली, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. जीभ जड झाली होती, शब्द सुटे सुटे येत होते. "मीठ... आता... धाकली घालंल," एवढं बोलून त्या थकल्या. मग पेज प्यायल्या, ती जावेच्याच हातून.

बघायला आलेली एक शेजारीण तिथेच बसली होती. तिने लगेच अर्थ लावून टाकला. "बरोबर हाय. निवदाला सवाष्णीचा हात बरा." सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी तिला खोडलं नाही. जावेने चमचा वाटीत ठेवला आणि सासूबाईंचं तोंड पुसलं. मी त्या शेजारणीला तेव्हाच चार शब्द सुनावायला हवे होते असं नंतर खूपदा वाटलं, पण तेव्हा मलाही तोच अर्थ खरा वाटला. दुसरा कुठला असणार?

यातून जे सुरू झालं ते हसण्यासारखंच होतं. मी सकाळी शाळेला निघायची तेव्हा भाजी चिरलेलीसुद्धा नसायची. मग मी काय करायची, तर जाताना वाटीत मीठ मोजून कोनाड्यात ठेवायची. आमटीची वाटी वेगळी, भाजीची वेगळी. ते मीठ जावेने भांड्यात टाकलं तर चालायचं, कारण मोजणारा हात माझा. रोज चूल पेटवणारी, वर्षानुवर्षं रांधणारी बाई माझी वाटी शोधायची आणि उपडी करायची. मी तिला एकदा म्हटलं, "ताई, हा काय पोरखेळ? तूच घाल ना." ती म्हणाली, "मी कशाला घालू? माझा हात नाय." आणि मडक्यावर झाकणी ठेवून बाहेर गेली.

त्यानंतर ती चुलीपाशी लागेल तेवढंच थांबायला लागली. काम सगळं करायची, पण पाहुणी करते तसं. भांडं जागेवर ठेवताना मला विचारायची, कुठं ठेवू. या घरात ते भांडं तिनेच वीस वेळा कल्हई करून आणलं असेल. मला या विचारण्याचा राग यायचा. तिचा यायचा की सासूबाईंचा, ते नेमकं सांगता येणार नाही.

तिची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, ठाण्याला नोकरी करते. दिवाळीत ती आली तेव्हा म्हणाली, ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर भाड्याने जागा घेतेय, स्वयंपाकघर धरून दोन खोल्या आहेत, आई, तू चल. अशी विनंती तिने आधीही केली होती आणि जावेने ती हसण्यावारी नेली होती. या वेळी जाऊ पटकन म्हणाली, "येते. वाल निघाले की येते." वाल भातानंतर त्याच ओलीवर होतात, थंडी सरता सरता संपतात. म्हणजे दोन-तीन महिने. पुतणीला आनंद झाला. मला कळलं की ही राग घेऊन चाललीय.

मला ती जायला नको होती. माझा स्वार्थही होता, तो लपवत नाही. मी शाळेत, नवरा शेतात, सासूबाई खाटेवर. सगळा भार तिच्यावर होता. पण स्वार्थ बाजूला ठेवला तरीही नको होती. शाळेतून आल्यावर पायरीवर बसून दिवसभरातलं सगळं जिला सांगावं असं दुसरं माणूस मला या गावात नव्हतं. तिचा राग निघाला तर ती राहील, असा माझा हिशेब होता. राग कसा काढायचा ते मात्र सुचत नव्हतं.

वाल ऐन भरात असताना पुतणीचा फोन आला. रविवारी मैत्रिणीला घेऊन येते. जिच्याबरोबर जागा घ्यायची तीच ही. "काकी, ती व्हीगन आहे. दूध, दही, तूप, अंडं, मध, काहीच चालत नाही. आई आमच्याबरोबर राहणार, तर आईला तिचं जमेल का ते एकदा बघूया. सकाळी उशिरा पोचू, नाश्ता-जेवण एकच करा. ब्रंच." मग तिने एक व्हिडिओ पाठवला. कुणी गोरी बाई एका खोलगट काचेच्या भांड्यात बटाटे, राजमा, पालेभाजी असे थर लावत होती आणि वरून काहीतरी पिवळं ओतून भट्टीत ढकलत होती. खाली नाव होतं, व्हीगन ब्रेकफास्ट कॅसरोल. पुतणीने लिहिलं होतं, असं काहीतरी जमेल का?

जावेने व्हिडिओ दोनदा बघितला. "हे तर दाबून लावलेलं," ती म्हणाली.

शहापुरात काही घरांत याच्या जवळचं भानोळं करतात, कोबीचं नाहीतर कोलंबीचं. आमच्याकडे त्याला धड नावही नव्हतं. झोडणीच्या दिवसांत खळ्यावर न्याहारी पोचवायची तर भाकऱ्या थापत कोण बसणार, म्हणून मोठ्या पातेल्यात वाल, कंद, भाजी, तांदळाचं पीठ असं सगळं दाबून लावायचं आणि वरखाली इंगळ घालायचे. सकाळी लावलं की दहा-अकराला तयार. त्यात दूध-तूप कधी नव्हतंच, कारण म्हशीचं दूध डेअरीला जायचं. न्याहारीला लागलेली तहान ताकावर भागायची, तेवढं ताक वगळलं की झालं. झोडणीला यंत्र आल्यापासून हे कुणी लावलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी शहापूरच्या बाजारात गेले. व्हिडिओतला टोफू मिळतो का म्हणून एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पनीर घ्या, तसंच लागतं." मी म्हटलं, दुधाचं नको. तो म्हणाला, मग ठाण्याला जा. मी नारळ, रताळी, सुरणाचा एक तुकडा आणि लाल भोपळ्याची फोड घेऊन घरी आले. संध्याकाळी आम्ही दोघींनी वालाच्या शेंगा सोलल्या. जाऊ बोलत नव्हती आणि मी नेहमीसारखी बडबडत होते. ती जागा कशी आहे, तिसऱ्या मजल्यावर, पाणी दोन वेळ येतं, असं सगळं मी विचारल्यावरच ती सांगत होती. शेवटी मी विचारलं, "तुला करमेल का गो तिथं?" ती म्हणाली, "न करमायला काय झालं. हितं करमतं म्हणून राहिले काय?"

रविवारी सकाळी तिने मागच्या दारी चूल पेटवली. गॅस आहे, पण याला इंगळ लागतात. मी खोबरं खवून त्याचं दूध काढलं. ते दूध बघून सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "हे चालंल ना तिला? का हे पण दूधच?" त्यांची जीभ आता बरीच सुधारली होती आणि त्याबरोबर तिखटपणाही परत आला होता. मी म्हटलं, नारळाचं चालतं. "नारळाला वासरू नसतं, नाय का," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

जावेने पातेल्याच्या तळाला केळीचं पान घातलं, त्याला तेल लावलं. सुरणाच्या आणि रताळ्याच्या जाड चकत्या मांडल्या. त्यावर वालाचे दाणे, कांद्याची पात, बारीक चिरलेली मेथी. मध्ये खुरासणी, लसूण आणि हिरवी मिरची वाटलेला काळपट गोळा चिमटी-चिमटीने पसरला. खुरासणी, म्हणजे कारळे, आमच्या डोंगराच्या उतारावर होते. ती असली की तुपाची आठवण येत नाही. मग भोपळ्याच्या फोडी, मग पुन्हा वाल. प्रत्येक थर ती तळव्याने दाबायची. तांदळाच्या आणि थोड्या बेसनाच्या पिठात मी नारळाचं दूध, हळद, जिरं घालून सरबरीत केलं होतं. ते वरून ओतायचं, म्हणजे खालपर्यंत झिरपत जाऊन सगळं धरून ठेवतं.

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. पाहुण्या लवकर आल्या. पुतणी आधी आजीकडे धावली. तिची मैत्रीण चपला काढून अंगणात अवघडून उभी राहिली, तेव्हा नवऱ्याने मला हाक मारली आणि मी पिठाचं भांडं जावेजवळ ठेवून बाहेर गेले.

ती मुलगी चांगली होती. बारीक, चष्मा लावलेली, सगळ्याकडे डोळे भरून बघणारी. सासूबाईंनी तिला खाटेजवळ बसवून घेतलं आणि सरळ विचारलं, दूध का सोडलंस. ती म्हणाली, "आजी, लहानपणी एका तबेल्यात गेले होते. पारडू लांब बांधलेलं होतं आणि म्हैस ओरडत होती. मग मला प्यायलाच जाईना." सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण खालनं-वरनं शेणी लावल्यात हां आमी. त्या चालतात का?" मुलगी गोंधळली, मग म्हणाली, "त्या मला खायच्या नाहीत ना, आजी?" सासूबाईंना ती तिथेच आवडून गेली.

पुतणीला तिला वालाचं शेत दाखवायचं होतं. मी बरोबर गेले. बांधावरून चालताना त्या दोघी जागेबद्दल बोलत होत्या, आईचा पलंग कुठे ठेवायचा, कपाट कुठे. मी पुढे चालत होते आणि ऐकत होते. ही गुणी मुलगी, हा पलंग, हे कपाट. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

परत आलो तेव्हा पातेलं लागलं होतं. झाकणाच्या कडेला कणीक लिंपलेली, झाकणावर इंगळ, खाली शेण्यांची मंद धग. जाऊ बाजूला बसून राख सारखी करत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली. झालं सगळं, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आता जे झालं होतं ते असं. आठवड्याच्या दिवशी कोनाड्यात माझी वाटी असायची. रविवारी मी घरी असायची, म्हणून वाटी नसायची. मी जागेवरच मीठ घालायची. जावेने पीठ ओतायच्या आधी सवयीने कोनाड्यात बघितलं. वाटी नव्हती. रविवार आहे, म्हणजे हिने पिठातच घातलं असणार, असं तिने धरलं. आणि मी असं धरलं की पीठ ओतायच्या आधी ती मला हाक मारेल, मग पाहुण्यांच्या नादात शेतावर गेले आणि परत आल्यावर मीठ डोक्यातूनच गेलं. मडकं तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. आमच्या घराच्या बाहेर कुठेही बाईने पीठ चाखलं असतं, शंका आली असती तर चिमूटभर टाकलं असतं. तिने नाही टाकलं. कणीक लिंपली की मध्येच उघडता येत नाही, वाफ जाते आणि मधलं कच्चं राहतं.

पडवीत पानं मांडली. जावेने कणीक फोडली, झाकण काढलं आणि वास सगळ्या घरात गेला. रंग सुरेख आला होता. वरचा पापुद्रा तपकिरी, खाली भोपळा मऊ, वाल शिजूनही अख्खे. तिने सुरीने मोठ्या वड्या पाडल्या आणि प्रत्येकाच्या पानावर एक-एक उचलून ठेवली, थर मोडू न देता. पुतणीने फोटो काढले. मैत्रीण म्हणाली, असं तर मी हॉटेलातही बघितलं नाही. मग सगळ्यांनी पहिला घास घेतला.

नवरा चावता चावता थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चावायला लागला. पुतणीने मान खाली घातली. मी घास घेतला आणि मला कळलं. अळणी. थोडं कमी-जास्त नाही, साफ अळणी. सगळं जागच्या जागी, वालाचा गोडवा, मिरचीचा जाळ, खुरासणीचा खमंगपणा, आणि मीठ नाही. जाऊ खाटेशी बसून सासूबाईंना भरवत होती. तिने स्वतः अजून खाल्लं नव्हतं. आमच्याकडे रोजच्या जेवणात पानावर मीठ वाढत नाहीत, आणि आयुष्यात कुणी ते मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. पण पाहुणीला यातलं काय ठाऊक?

"खूप मस्त झालंय," ती म्हणाली. "थोडं मीठ मिळेल का?"

मी उठले. या घरात मीठ आता माझं होतं, तेव्हा उठायचं मीच होतं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, पण बघत होत्या जावेकडे. "पातेलं तू लावलंस ना?"

"व्हय."

"मग मीठ?"

"मला वाटलं हिनं घातलं."

"ही शेतावर व्हती. चुलीपाशी तू व्हतीस."

जावेने हातातली वाटी खाली ठेवली. मला आधी वाटलं ती नेहमीसारखी उठून जाईल. ती उठली नाही. "तुमीच नाय म्हणालात ना," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "बिनकुंकवाचा हात निवदाला कशाला."

पुतणी एकदम ताठ झाली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मैत्रिणीला अर्थ कळला नसावा, पण काहीतरी मोठं झालंय एवढं कळलं आणि तिने घास तसाच धरून ठेवला.

"कोण म्हणालं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमी."

"मी? मी म्हणाले धाकली घालंल. दुसरं काय म्हणाले?" मग त्यांना आठवलं असावं. "ती शेजारची भवानी म्हणाली. माझी तवा जीभ उचलत नव्हती. आणि तू तिचं धरून बसलीस व्हय? येवढे दिवस?"

जावेने मान डोलावली.

मग सासूबाई बोलल्या. सलग बोलण्याची ताकद नव्हती, दोन-दोन शब्दांनी थांबत होत्या. पुतणीने गणपतीतच त्यांना विचारलं होतं, आजी, आईला घेऊन जाऊ का. त्या म्हणाल्या होत्या, ने, पण भात निघेपर्यंत तिला बोलू नको, नाहीतर जीव दोन्हीकडं करंल. पुढच्याच पंधरवड्यात त्या पडल्या. "पडले तवा मनात आलं, आता मीठ थोरलीवर येणार. आलं की ती अडकली. मिठाचा हात जिच्याकडं ती कुठं जाते? मी गेले कुठं? सांग ना, मी गेले?"

त्यांचं माहेर कसाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. इथून फार लांब नाही. त्यांची आई वारल्याचा निरोप आला तेव्हा घरात झोडणीचे मजूर होते. सगळ्यांची न्याहारी लावून, मीठ घालून त्या निघाल्या. पोचल्या तोवर आईला उचललं होतं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, मला नाही आणि जावेलाही नाही. त्यांनी ते सांगितलंही असं, की जणू दुसऱ्या कुणाचं आहे. "म्हणून म्हटलं, धाकलीला दिऊ. ही तशी पण नोकरीमुळं हितंच बांधलेली. तू सुटशील."

जाऊ रडली. दीर गेले तेव्हा मी तिला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आताच. सासूबाईंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तो कानावर पडला. "जा, मीठ आण," त्या म्हणाल्या. "पोरीनं कवाचं मागितलंय."

जाऊ आत गेली आणि वाटी नाही, मडकंच घेऊन आली. आधी पाहुणीच्या पानावर, मग माझ्या नवऱ्याच्या, मग पुतणीच्या, माझ्या, असं प्रत्येकाच्या पानावर तिने चिमटीने मीठ घातलं. मग खाटेपाशी बसून सासूबाईंच्या वाटीत घातलं आणि कालवलं. वरून घातलेलं मीठ आत मुरत नाही. घासाला एकदा खारट लागायचं, एकदा काहीच नाही. तरी पातेलं संपलं. पाहुणीने दोनदा मागून घेतलं. जाताना ती जावेला म्हणाली, काकू, मला रोज असंच द्या, मी भांडी घासेन. जाऊ हसली. तिचं ते हसणं मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

मला अगदी हलकं वाटत होतं. राग निघाला होता, आणि तो काढण्यासाठी मला काही करावंही लागलं नव्हतं. आता ही राहणार, असं मी मनाशी धरलं. पाहुण्या गेल्यावर आम्ही मागच्या दारी भांडी घासायला बसलो. मी पातेल्याच्या तळाची खरपुडी काढत होते, ती झाकण राखेने घासत होती.

"मग, कळवायचं का पोरीला?" मी म्हटलं. "दुसरं कुणी बघ म्हणावं जागेत."

"का?"

"आता मिटलं ना सगळं."

"मिटलं म्हणून तर जाते," जाऊ म्हणाली. "तशीच गेले असते तर परत यायला तोंड नसतं राहिलं. आता कवाही येईन."

बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. माझी शाळा, खाटेवरची म्हातारी, संध्याकाळची पायरी. पण त्या म्हातारीने स्वतःचं मोडून जे तिला दिलं होतं ते मी कुठल्या तोंडाने परत मागणार? मी म्हटलं, "झाकण नीट घास, काठाला कणीक राहिलीय." ती म्हणाली, "दिसतंय मला."

वाल निघाले. शेवटचे वाळवून तिने डब्यात भरले, एक डबा इथे, एक तिथे न्यायला. दुपारच्या वेळी सासूबाईंजवळ बसायला गावातलीच एक बाई मिळाली. ज्या दिवशी ती जायची होती त्या दिवशी मी अर्धी रजा घेतली. सासूबाईंच्या पाया पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "रडत बसू नको तिथं. आणि त्या चष्मेवालीला उपाशी ठेवू नको." रिक्षापर्यंत मी पिशवी नेली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग म्हणाली, "म्हैस उद्या लाथ मारंल, जपून बस." रिक्षा महामार्गाच्या वळणाला लागेपर्यंत मी उभी होते. मग घरी येऊन कपडे वाळत घातले.

संध्याकाळी मी आमटी केली. डाळ एका माणसाची कमी घेतली. ते माझ्या लक्षात होतं. आमटीला उकळी आली, मी मडक्यातून मीठ घेतलं आणि घातलं. नवऱ्याला वाढलं, मग खाटेपाशी बसून सासूबाईंना भरवायला घेतलं. त्यांनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"जास्त झालं गो," त्या म्हणाल्या.

मी चाखून बघितलं. हाताने मीठ अजून तिच्यासकट घातलं होतं. मी पाणी आणायला उठले, तर सासूबाईंनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि म्हणाल्या, "राहू दे. आजचा दिस तशीच खाऊ."